हरकतींची वही: ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील पर्यावरण कार्यकर्त्यांचा इतिहास

मराठीत ‘कार्यकर्ता’ हा एकच शब्द पक्षाचा झेंडा घेऊन प्रचारफेरीत चालणाऱ्याला लागतो आणि तलावाच्या काठी उभे राहून निर्माल्य गोळा करणाऱ्यालाही लागतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या शहरांत गेल्या चार दशकांत तलाव, खाडी, डोंगर, झाडे आणि हवा राखण्यासाठी जे विनामोबदला काम झाले, त्याचा इतिहास या दोन प्रकारच्या कार्यकर्त्यांच्या संबंधांचा इतिहास आहे. कधी ते एकाच व्यक्तीत एकत्र आले, कधी महापालिकेच्या एकाच दालनात समोरासमोर बसले आणि पुष्कळदा न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभे राहिले. या इतिहासाचे मोजमाप निवडून आलेल्या उमेदवारांच्या संख्येवरून केले, तर हाती फारसे काही लागत नाही. महापालिकेच्या दप्तरात नोंदल्या गेलेल्या हरकती, निवेदने, माहिती अधिकाराचे अर्ज आणि जनहित याचिका यांच्या आधारे तो वाचला, तर या शहरांच्या कारभाराला ज्या थोड्या मर्यादा पडल्या, त्या कोणी घातल्या हे स्पष्ट होते.

या कामाला एक जुनी पूर्वपीठिका आहे. ठाणे हे दोन खाड्यांच्या सांध्यावर वसलेले गाव असून दक्षिणेकडे मुंबई बंदरापर्यंत जाणारी ठाणे खाडी आणि पश्चिमेकडे वसईला समुद्रास मिळणारी उल्हास खाडी यांच्यामध्ये साष्टी बेटाचा उत्तर भाग येतो. कल्याण त्याच उल्हास खाडीच्या वरच्या अंगाला आहे. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचे बांध घालून जी जमीन पिकाखाली आणली जाई, तिला ‘खार’ म्हणत आणि खाडीलगतच्या दलदलीच्या पट्ट्याला ‘खाजण’. साष्टीत व खाडीकाठच्या तालुक्यांत ‘शिलोत्री’ नावाची एक पद्धत होती. तिच्यात बांध घालणाराच तो पुढेही दुरुस्त ठेवण्यास बांधलेला असे आणि त्यासाठी कसणाऱ्यांकडून धान्याच्या रूपाने ठरावीक वाटा घेत असे. बांधाला ठेवलेल्या दारांना, म्हणजे ओहोटीला आतले पाणी बाहेर जावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये अशी सोय असलेल्या मोऱ्यांना, कोकणात ‘उघाडी’ म्हणतात. उघाडी वेळेवर बंद झाली नाही तर साऱ्या गावाची शेते खारवत. त्यामुळे खाडीकाठच्या आगरी आणि कोळी वस्त्यांना पाण्याची वाट मोकळी ठेवणे हे सामायिक काम आहे, हे कोणी शिकवण्याची गरज नव्हती. पर्यावरण हा शब्द रूढ होण्याच्या फार आधीपासून इथे पाण्याच्या व्यवस्थेवर गावाची नजर होती, आणि तिला जोडून कर, वाटा व तंटा हे सारे होते; म्हणजेच तिला जोडून राजकारण होते.

तलावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. शिलाहारांच्या काळात ‘श्रीस्थानक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठाण्यात एके काळी साठाहून अधिक तलाव होते अशी परंपरा सांगते. आज त्यांपैकी जेमतेम निम्मे उरले आहेत. कौपिनेश्वर मंदिरासमोरचा मासुंदा तलाव शहराच्या मध्यभागी राहिल्यामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर राहिला; पण ज्या तलावांभोवती वस्ती उशिरा आली, ते भराव टाकून गिळले गेले. कल्याणचा शेनाळे तलाव, ज्याला लोक काळा तलाव म्हणतात, तो गावाच्या पाणीपुरवठ्याचा जुना आधार होता. नळाचे पाणी आल्यावर तलावाची घरगुती गरज संपली आणि त्याबरोबर त्याच्यावर रोज नजर ठेवणारी माणसेही संपली. तलाव नाहीसे होण्याचे हे पहिले कारण पुरेसे लक्षात घेतले जात नाही. बांधकाम व्यावसायिक आणि भराव टाकणारे नंतर आले, त्याआधी तलाव बेवारस झाला होता.

नगरपालिका या भागात लवकर आल्या. कल्याणची १८५५ मध्ये आणि ठाण्याची १८६३ मध्ये स्थापन झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत गेला. तथापि या गावांचे शहरांत रूपांतर होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. मुंबईत जागा न परवडणारा मराठी मध्यमवर्ग १९६० नंतर डोंबिवलीत येऊन राहू लागला आणि साधारण त्याच वेळी, १९६४ मध्ये, डोंबिवलीत औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, रंग आणि कापडप्रक्रिया यांचे कारखाने तिच्यात मोठ्या संख्येने होते. घरे आणि कारखाने एकमेकांकडे सरकत गेले. दोहोंमध्ये मोकळा पट्टा ठेवण्याचे भान नियोजनात राहिले नाही. पुढील अर्धशतकातील डोंबिवलीच्या बहुतेक पर्यावरणीय तक्रारींचे मूळ या शेजारात आहे.

ठाणे महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ रोजी आणि कल्याणची महानगरपालिका त्यानंतर बरोबर एक वर्षाने अस्तित्वात आली. येथे एका गोष्टीवर थांबणे आवश्यक आहे. ठाण्यात पहिली निवडणूक १९८६ मध्ये झाली आणि सतीश प्रधान पहिले महापौर झाले; कल्याण-डोंबिवलीत मात्र पहिली निवडणूक होण्यास १९९५ साल उजाडले. या मधल्या बारा वर्षांत शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढत होती, चाळींच्या आणि इमारतींच्या रांगा उभ्या राहत होत्या, पण नागरिकांच्या वतीने सभागृहात प्रश्न विचारणारा एकही नगरसेवक नव्हता. ज्या शहराने आपली घडण सरकारनियुक्त प्रशासकाच्या काळात घेतली, त्या शहरात अनधिकृत बांधकाम ही अपवादात्मक गोष्ट राहिली नाही, यात नवल नाही. डोंबिवलीतील काही जागरूक नागरिकांनी या प्रश्नावर उच्च न्यायालयात धाव घेतल्यानंतर न्यायालयाने नेमलेल्या अग्यार समितीने महापालिका हद्दीत ६७ हजारांहून अधिक अनधिकृत बांधकामे असल्याचे नोंदवले. विकास आराखड्यात उद्याने, मैदाने आणि हरित पट्टे म्हणून राखून ठेवलेल्या भूखंडांची गत काय झाली असेल, याची कल्पना या एका आकड्यावरून येते. याचिका करणारे लोक कोणत्याही पक्षाचे पदाधिकारी म्हणून न्यायालयात गेलेले नव्हते, आणि त्यांना शहरात मित्रांपेक्षा शत्रू अधिक मिळाले असणार, हे सांगण्यास पुराव्याची गरज नाही.

स्वयंसेवी कामाला कायद्यात जागा मिळाली ती दोन वाटांनी. पहिली वाट १९७५ च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाची. या कायद्याने प्रत्येक नगरपालिकेत आणि महापालिकेत ‘वृक्ष प्राधिकरण’ नावाची समिती बंधनकारक केली. महापालिकेत आयुक्त तिचे अध्यक्ष असतात आणि नगरसेवकांच्या जोडीने वृक्षसंवर्धनाचे ज्ञान असलेल्या बिगरशासकीय संस्थांच्या प्रतिनिधींना तिच्यात घेता येते. झाड तोडण्याची परवानगी मागितली गेली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि त्या झाडावरही नोटीस लावावी लागते. ही नोटीस जवळून पाहण्यासारखी असते. बुंध्याला सुतळीने बांधलेला किंवा खळीने चिकटवलेला एक कागद, त्यावर झाडाची जात, संख्या, अर्जदार, तोडण्याचे किंवा पुनर्रोपणाचे कारण आणि हरकतीची सात दिवसांची मुदत. पावसाळ्यात तो कागद दुसऱ्या दिवशी लगदा होतो, उन्हाळ्यात वाऱ्याने उडतो आणि एरवी कोणीतरी फाडतो. ठाण्यातील वृक्षप्रेमी कार्यकर्त्यांनी जे काम वर्षानुवर्षे केले, त्याचा मोठा भाग एवढाच होता: तो कागद वेळेत वाचणे, नोटिशीत लिहिलेली आणि जागेवर असलेली झाडे मोजून पाहणे, ‘धोकादायक’ म्हणून दाखवलेले झाड खरोखर वाळलेले आहे की हिरवेगार उभे आहे हे तपासणे आणि सातव्या दिवसाच्या आत लेखी हरकत देऊन तिची पोच घेणे. हे काम भाषणाला किंवा छायाचित्राला उपयोगी पडत नाही, म्हणून त्याची दखलही घेतली गेली नाही.

दुसरी वाट राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीची, जी १९९३ मध्ये अमलात आली. तिच्यामुळे मोठ्या शहरांत प्रभाग समित्या, म्हणजे काही प्रभागांचा मिळून स्थानिक कारभार पाहणाऱ्या समित्या, स्थापन झाल्या आणि त्यांवर समाजकार्य करणाऱ्या नोंदणीकृत संस्थांतून तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात झाली. स्वयंसेवकाला निवडणूक न लढवता महापालिकेच्या टेबलाशी बसण्याचा हक्क देणारी ही तरतूद होती. प्रत्यक्षात नाव सुचवण्याचा अधिकार नगरसेवकांच्या हाती असल्यामुळे या जागांवर अनेकदा पक्षांच्याच माणसांची सोय लावली गेली. सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी म्हणून कागदावर नाव आले आणि खुर्चीत पक्षाचा कार्यकर्ता बसला. २००९ मध्ये राज्याने ‘क्षेत्रसभा’ म्हणजे मतदान केंद्राच्या परिसरातील मतदारांच्या सभा भरवण्याचाही कायदा केला. ग्रामसभेला समांतर अशी ही नागरी संस्था होती. ती कागदावरून खाली उतरली नाही. महापालिका अधिनियमानुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपर्यंत शहराच्या पर्यावरण स्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. हवेचे, पाण्याचे आणि आवाजाचे मोजमाप त्यात असते; परंतु तो अहवाल वाचून त्यावर सभागृहात तासभर चर्चा व्हावी, असा आग्रह धरणारे नगरसेवक थोडेच निघाले. अहवालाचे खरे वाचक राहिले ते पुन्हा बाहेरचे कार्यकर्ते, जे त्यातील आकडे पुढे याचिकांना जोडत.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या विखुरलेल्या कामाला संस्थांचे रूप आले. विद्याधर वालावलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले पर्यावरण दक्षता मंडळ हे त्यांपैकी सर्वात परिचित. मंडळाने ‘आपलं पर्यावरण’ हे मासिक चालवले, तलावांच्या पाण्याचा अभ्यास हाती घेतला आणि शाळांतून काम केले. त्याच सुमारास ठाण्यातील नऊ तलावांचा समावेश केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत झाला. डोंबिवलीत वेगळ्या अंगाने काम सुरू झाले. माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांच्या कल्पनेतून श्री गणेश मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली, जी पुढे महाराष्ट्रभर पसरली. या यात्रेतील चित्ररथांवर पाणी, कचरा आणि झाडे हे विषय वर्षानुवर्षे येत राहिले आणि संस्थानाने निर्माल्याचे खत करण्याचे कामही केले. नगराध्यक्षपद भूषवलेला माणूस, देवस्थान आणि पर्यावरणाचा विषय हे तिन्ही एका ठिकाणी आले, हे डोंबिवलीचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल. पर्यावरणाचे काम म्हणजे धर्मविरोधी काम, हा जो आरोप इतरत्र सहज चिकटतो, तो येथे त्यामुळे फारसा टिकला नाही.

गणेशविसर्जनाच्या प्रश्नात या गोष्टीचा उपयोग दिसून आला. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, रासायनिक रंग आणि पाण्यात सोडलेले निर्माल्य यांमुळे साठलेल्या पाण्याच्या लहान तलावांचे नुकसान होते, हे सांगणे सोपे होते. परंतु विसर्जन कोठे करायचे हे ठरवणारी मंडळे प्रत्येक प्रभागाच्या राजकारणाचा पाया असतात; मंडळाचा अध्यक्ष आज कार्यकर्ता, उद्या शाखाप्रमुख आणि परवा नगरसेवक असतो. त्याला न दुखावता तलाव वाचवायचा, तर पर्याय हाती द्यावा लागतो, हे ठाण्यातील संस्थांनी ओळखले. तलावाच्या शेजारी खड्डा खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरायचा, पाणी भरायचे, निर्माल्यासाठी वेगळा कलश ठेवायचा आणि आरतीची जागाही तेथेच करायची, अशी ‘कृत्रिम तलावा’ची रचना मासुंदा, उपवन आणि रायलादेवी अशा ठिकाणी महापालिकेने स्वीकारली. दीड दिवसाच्या आणि पाच दिवसांच्या गणपतींच्या संध्याकाळी या हौदांपाशी उभे राहून, येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या हातातून हार आणि दूर्वा वेगळ्या करून घेणारी स्वयंसेवक मुले-मुली या व्यवस्थेचा कणा होती. या प्रयोगाची राज्यात इतरत्र नक्कल झाली. यश पूर्ण नव्हते, मोठ्या सार्वजनिक मूर्ती खाडीतच जात राहिल्या. पण तलावापुरता विचार केला, तर कायद्याने जे साधले नसते ते मनधरणीने साधले, असा निष्कर्ष काढता येतो.

आवाजाच्या बाबतीत मनधरणी चालली नाही. ठाण्यातील डॉक्टर महेश बेडेकर यांनी रस्त्यांवरचे मंडप आणि सणांतील ध्वनिवर्धक यांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केल्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, तर रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या ‘शांतता क्षेत्रा’त दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबल एवढीच मर्यादा आहे. डेसिबल हे आवाजाची तीव्रता मोजण्याचे एकक असून त्याचे प्रमाण सरळ बेरजेने वाढत नाही; दर दहा डेसिबलला तीव्रता दहापट होते. दहीहंडी आणि गणेशोत्सव यांना ज्या शहरात बड्या नेत्यांचा आश्रय होता, त्या शहरात हे आकडे न्यायालयापुढे ठेवणे म्हणजे शहराच्या संपूर्ण राजकीय रचनेला हात घालणे होते. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायमूर्ती अभय ओक आणि अमजद सय्यद यांच्या खंडपीठाने दिलेल्या निकालात ध्वनिवर्धक वापरणे हा कोणत्याही धर्माचा अविभाज्य भाग नसल्याचे स्पष्ट केले, रस्ता अडवणाऱ्या मंडपांना परवानगी देऊ नये असे बजावले आणि तक्रार घेणारी, पाहणी करणारी यंत्रणा उभी करण्याचे आदेश दिले. पुढच्याच वर्षी केंद्राने ध्वनी नियमांत बदल करून शांतता क्षेत्र राज्य सरकारने घोषित केल्याशिवाय अस्तित्वात येणार नाही अशी तरतूद केली आणि सुनावणीच्या ओघात राज्य सरकारने न्यायमूर्ती ओक यांच्यावर पक्षपाताचा आरोप करून नंतर माफी मागितली. शहरातील एका डॉक्टरने मांडलेल्या तक्रारीमुळे राज्य सरकारवर न्यायालयात क्षमा मागण्याची वेळ यावी, ही घटना या विषयाच्या इतिहासात जपून ठेवण्यासारखी आहे. नियम मात्र सैल झाले, हेही तितकेच खरे.

डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर या पट्ट्यातील पाण्याचा आणि हवेचा लढा अधिक जुना आणि अधिक कडवट आहे. वालधुनी नदी अंबरनाथच्या काकोळे परिसरातून निघून अकराव्या शतकातील शिवमंदिराजवळून वाहते आणि उल्हासनगर ओलांडून कल्याणजवळ उल्हास खाडीला मिळते. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे सांडपाणी घेत घेत ती नाला झाली. उल्हास नदीचे पाणी तर बदलापूरपासून कल्याण-डोंबिवली व ठाण्यापर्यंतच्या लक्षावधी लोकांच्या नळाला येते, त्यामुळे तिच्यातील प्रदूषण हा थेट पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक क्षेत्रांचा एकत्रित प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा डोंबिवलीचा निर्देशांक ७८.४१ आला; ७० च्या वरील क्षेत्र ‘अतिप्रदूषित’ मानले जाते. जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवट पाऊस पडल्याचे लोकांनी पाहिले, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरजवळ टँकरमधून वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये औद्योगिक वसाहतीतील रस्ता गुलाबी झाला, तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी स्वतः येऊन पाहणी केली. मे २०१६ आणि मे २०२४ मधील स्फोटांनी तर जीव घेतले.

या साऱ्या घटना मोठ्या होत्या म्हणून वर्तमानपत्रांत आल्या. रोजचा प्रश्न मात्र रात्रीच्या वासाचा होता. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ‘वास येतो’ एवढे सांगून चालत नाही. वास कोणत्या तारखेला, किती वाजता, किती वेळ, वारा कोणत्या दिशेचा असताना आला, डोळे चुरचुरले की घसा खवखवला, हे लिहून द्यावे लागते, आणि अधिकारी पाहणीस येईपर्यंत हवा स्वच्छ झालेली असते. म्हणून निवासी विभागातील लोकांना नोंदी ठेवण्याची सवय लावणे, हे डोंबिवलीतील कार्यकर्त्यांचे खरे काम ठरले. स्टॅलिन दयानंद यांच्या वनशक्ती या संस्थेने २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठापुढे उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा अर्ज केला. जुलै २०१५ च्या निकालात न्यायाधिकरणाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि स्थानिक संस्था यांच्यावर मिळून सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई लावली. नदी प्रदूषित करणाऱ्यांच्या यादीत खुद्द नगरपालिका होत्या, ही या निकालातील महत्त्वाची बाब. जे सभागृह कारखान्यांवर कारवाईची मागणी करते, तेच आपले मैलापाणी प्रक्रिया न करता नदीत सोडते, हे त्यातून नोंदले गेले.

खाडीवर येताना सुरुवातीच्या त्या बांधाची आठवण ठेवली पाहिजे. खारफुटी, म्हणजे भरती-ओहोटीच्या पाण्यात वाढणारी आणि मुळांवाटे श्वास घेणारी झाडे, तोडण्यासाठी कुऱ्हाडीची आवश्यकता नसते. भरतीचे पाणी ज्या नाळीतून आत येते, तिच्या तोंडावर रात्री दोन-चार डंपर राडारोडा ओतला की पुरते. पाणी अडते, चिखल तडकतो आणि हिरवी झाडे पिवळी पडून उभ्या उभ्या वाळतात. त्यानंतर ‘येथे खारफुटी नाही’ असे सांगणे सोपे जाते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत चाळ उभी राहते. एके काळी शेत वाचवण्यासाठी जो बांध घातला जाई, तोच आता खाडी मारण्याचे हत्यार झाला. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला आणि तिच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यातील बांधकामाला बंदी घातली आणि सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात खारफुटीचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. मुंबईच्या संस्थेने मिळवलेला हा आदेश दिवा, मुंब्रा, डोंबिवलीचा रेतीबंदर परिसर अशा ठिकाणी लागू होण्यासाठी मात्र जागेवरचा माणूस लागत होता, जो डंपरचे छायाचित्र काढील, सर्वे क्रमांक शोधील आणि तहसीलदारापासून वनखात्याच्या कांदळवन (खारफुटी) कक्षापर्यंत अर्ज करील. ठाणे खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग ऑगस्ट २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. उल्हास खाडीच्या वाट्याला असे संरक्षण आले नाही.

कचऱ्याच्या प्रश्नाने कल्याण-डोंबिवलीच्या राजकारणाला सर्वात मोठा धक्का दिला. आधारवाडीच्या कचराभूमीचा डोंगर आणि त्याला लागणाऱ्या आगी यांविषयी लोक वर्षानुवर्षे तक्रार करत होते. एका नागरिकाच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये महापालिका हद्दीतील नव्या बांधकामांच्या परवानग्यांना स्थगिती दिली. घनकचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावता येत नसेल, तर आणखी घरे बांधून कचरा वाढवू नये, हा त्यामागचा सरळ विचार. बांधकाम थांबताच जो विषय सभागृहात कंटाळवाणा समजला जात होता, तो एकाएकी सर्वपक्षीय चिंतेचा झाला. स्थगिती पुढे उठली. आधारवाडीवर कचरा टाकणे प्रत्यक्ष बंद होण्यास मे २०२१ पर्यंतचा काळ जावा लागला.

एवढे काम करणारे लोक निवडणुकीतून सभागृहात का पोहोचले नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. पश्चिम जर्मनीत नागरिक समित्यांतून १९८० मध्ये ‘ग्रीन’ पक्ष उभा राहिला आणि नगरसभांतून संसदेपर्यंत गेला. तेथील प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या पद्धतीत थोड्या मतांनाही जागा मिळते. येथे जो पहिला तोच विजयी. त्यातही २०१७ मध्ये ठाण्याची निवडणूक चार सदस्यांच्या प्रभागांत झाली. असा प्रभाग एवढा विस्तीर्ण असतो की पक्षाचे चिन्ह आणि पैसा यांवाचून एकट्या उमेदवाराला तो पायाखाली घालणेही कठीण. पायाभूत कारण आणखी खोल आहे. पर्यावरणाचा कार्यकर्ता जे मागतो, ते बहुधा ‘करू नका’ या स्वरूपाचे असते, तर मतदाराला नगरसेवकाकडून गटार, नळ आणि पायवाट हवी असते. म्हणून ठाणे मतदाता जागरण अभियानासारख्या व्यासपीठांनी स्वतः उमेदवार होण्यापेक्षा उमेदवारांना प्रश्न विचारण्याची भूमिका घेतली. ती भूमिका चुकीची नव्हती. मात्र तिच्यामुळे वृक्ष प्राधिकरणासारख्या ठिकाणी मतदानाच्या वेळी या लोकांच्या बाजूने हात वर करणारे कोणी उरले नाही, आणि दर वेळी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २०१९ मध्ये वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ मार्गासाठीच्या झाडांच्या तोडीला उच्च न्यायालयाने काही काळ स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये ती उठवली. प्राधिकरणातच नीट छाननी झाली असती, तर काही झाडे वाचण्याची शक्यता अधिक होती.

त्यानंतर सभागृहच राहिले नाही. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि ठाण्याची मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. स्थापनेनंतरची बारा वर्षे प्रशासकाखाली काढलेल्या कल्याण-डोंबिवलीने आणखी पाच वर्षे त्याच अवस्थेत काढली. आयुक्त हाच सभागृह, तोच स्थायी समिती आणि वृक्ष प्राधिकरणाचा अध्यक्षही तोच, अशा स्थितीत परवानगी मागणारा आणि देणारा यांच्यामध्ये कोणी उरत नाही. जून २०२१ मध्ये राज्याने झाडांच्या कायद्यात सुधारणा करून पन्नास वर्षांवरील झाडांना ‘प्राचीन वृक्ष’ म्हणून वेगळे संरक्षण दिले आणि दोनशेहून अधिक झाडांच्या तोडीचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे सोपवला. मोठ्या प्रकल्पांचे निर्णय त्यामुळे शहराबाहेर गेले. या काळात ठाण्यालगतच्या येऊरच्या जंगलातील रात्रीचे समारंभ, उल्हास नदीवरची जलपर्णी आणि ठाण्याचा नवा विकास आराखडा या विषयांवर जे बोलले गेले, ते बहुतांशी नागरिकांनीच बोलले. अधिकारी बदलून जातात, नगरसेवक पक्ष बदलतात किंवा पडतात. एखाद्या भूखंडावर वीस वर्षांपूर्वी कोणते आरक्षण होते आणि ते कोणत्या ठरावाने उठले, हे ज्यांच्या कपाटातील कागदांत सापडते, ते हे कार्यकर्ते आहेत. शहराची स्मृती त्यांनी सांभाळली, हे त्यांचे सर्वात मोठे काम मानावे लागते.

जानेवारी २०२६ मध्ये दोन्ही महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. वृक्ष प्राधिकरण व प्रभाग समित्या नव्याने नेमल्या जाताना त्यांतील बिगरशासकीय जागांवर कोणाची नावे येतात, इकडे ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या नागरिकांनी लक्ष ठेवावे. झाडावरच्या नोटिशीची मुदत आजही सात दिवसांचीच आहे. हरकत साध्या कागदावर, मराठीत, नाव-पत्त्यासह लिहून देता येते, तिला शुल्क लागत नाही, आणि तिची पोच मागून घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.